कोठीवालीने दरवाजा उघडला

आमच्या युद्धांची आखणी गच्चीवर व्हायची, एप्रिलमध्ये, वाळवणं घालताना. कुरडई म्हणजे किल्ला. नागलीचे पापड म्हणजे पायदळ, सांडगे म्हणजे घोडदळ. एखादी लाल मिरची म्हणजे मांत्रिक. खाली अंथरलेल्या जुन्या पातळाचा काठ म्हणजे नदी. मी आणि माझी धाकटी जाऊ, डोक्याला ओढण्या गुंडाळून, इंदिरानगरच्या त्या तापलेल्या गच्चीवर राज्यं उलथवत बसायचो.

"ताई, तुमचं पायदळ अजून ओलंच आहे. नदी ओलांडणार कसं?"

"तुझ्या मांत्रिकाला सांग ना जरा ऊन वाढवायला. नुसता बसून असतो मेला."

शत्रू म्हणजे कबुतरं. ती कुठल्याही बाजूने यायची.

हे वेड तिचं. लग्न होऊन आली तेव्हाच तिच्या सामानात इंग्रजी कादंबऱ्यांचं एक खोकं होतं. एकेक पुस्तक विटेएवढं जाड, पहिल्या पानावर न पाहिलेल्या देशाचा नकाशा, आत तलवारी, मंत्र आणि दगाबाजी. मी पोळ्या लाटायचे, ती शेकताना गोष्ट सांगायची. एकदा मी विचारलं, "एवढं सैन्य महिनाभर चाललं, तर खाल्लं काय?"

"अहो ताई, कादंबरी आहे ती."

"असू दे. पोट आहे ना त्यांना?"

ती पोळी करपेपर्यंत हसली. मग म्हणाली, "आपणच लिहू या का एक?"

मी अंबडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत काहीही चिठ्ठीशिवाय माझ्या खिडकीतून बाहेर जात नाही. साहेब असो की हेल्पर, मी चिठ्ठी मागते. त्यामुळे मला लोक फारसे पसंत करत नाहीत, पण माझ्यामुळे कधी मशीन बंद पडलेलं नाही. आमच्या कादंबरीतली कोठीवाली तिथूनच आली. सैन्याचं धान्य तिच्या ताब्यात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि राणीलासुद्धा तोंडावर नाही म्हणायची हिंमत. सैन्य कुठवर जाईल हे सेनापती नाही, ती ठरवायची. पेठहून आम्हाला नागली आणून देणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की नागलीला वर्षानुवर्षं कीड लागत नाही. तेवढ्यावर आम्ही किल्ल्याचा अख्खा वेढा रचला. गव्हावर विसंबलेला शत्रू बाहेर उपाशी, आमचे लोक आत नागलीची भाकरी खातायत.

मी सांगायचे, ती मोबाइलवर लिहायची. लढाया आणि रसद माझी, मंत्र, प्रेम आणि संवाद तिचे. दर गुरुवारी एक भाग ती कथांच्या एका ॲपवर टाकायची. खातं तिच्या नावाचं होतं, कारण उघडलं तिनेच. पण पुस्तक निघालं तर मुखपृष्ठावर दोघींची नावं, हे तिनेच ठरवलं होतं. गच्चीवर, पिठाच्या हाताने माझा हात धरून. मी मागितलं नव्हतं.

वाचक वाढत गेले आणि एक प्रकाशक आला. दुपारच्या चहाला तिने विषय काढला.

"ताई, ते म्हणतात, वाचकांना एकच नाव माहीत आहे. दोन टाकली तर गोंधळ होईल."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? त्यांना त्यातलं कळतं."

"आपलं ठरलं होतं."

दीर मध्ये पडले. "वहिनी, तुम्हाला कुठे लेखिका व्हायचंय? चांगली नोकरी आहे की." आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करता निकाल दिला, "जाऊ दे ना. घरातच तर राहतंय."

ती म्हणाली, "तसं बघितलं तर तुम्ही फक्त सांगत होतात ताई. लिहीत मी होते."

"मग यापुढे विचारू नकोस," मी म्हणाले आणि कप विसळायला घेतले.

शेवटचा खंड अजून चालू होता. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि एका गुरुवारी कोठीवालीने किल्ल्याचा मागचा दरवाजा शत्रूला उघडून दिला. मी ते कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवताना वाचलं. दरवाजा उघडला होता तिच्याच कमरेच्या किल्लीने, जी मी तिथे अडकवली होती. आणि कारण काय, तर विजयस्तंभावर राणीने तिचं नाव कोरलं नाही म्हणून. एवढ्यासाठी तिने शेकडो माणसं कापायला दिली.

खाली वाचकांचा पाऊस. 'मला आधीपासूनच संशय होता.' 'असल्या बाया प्रत्येक घरात असतात.' 'हालहाल करून मारा.' पुढच्या गुरुवारी तिला तिच्याच कोठारात कोंडून कोठार पेटवलं. नागलीसकट.

त्या रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो. दिरांनी बसता बसता विचारलं, "वहिनी, मागचा दरवाजा लावलात ना नीट?" पंगत हसली. आमचे हेही हसले, घास तोंडात असताना. तिने मात्र खाली मान घालून वरण वाढलं. इतक्या खंडांत आम्ही दोघींनी कितीतरी दगे रचले होते, विषाचे, खंजिराचे, शापाचे. दगा झालेल्या माणसाला नंतर सगळ्यांना भात वाढावा लागतो, हे आम्हाला सुचलं नव्हतं.

मी आमटी वाढली. मनात म्हटलं, थांब. सैन्याचं धान्य जाळलंस, आता खायला काय घालशील? अडकेल, येईल. मला खात्री होती. पण तिच्या सैन्याने एका भागात वाळवंट ओलांडलं, न खाता, न पिता, घोड्यांसकट. एकानेही विचारलं नाही. कोणीतरी लिहिलं, 'काय वेग आहे!' मला जो कादंबरीचा खांब वाटत होता, तो काढून घेतला तरी छप्पर जागेवर राहिलं. नाव गेल्यापेक्षा हे जास्त लागलं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला मी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसले, कारण गेले नसते तर त्याचीच चर्चा झाली असती. आत आभाराच्या पानावर एक ओळ माझी होती. मोठ्या जाऊबाईंनी घर सांभाळलं म्हणून हे लेखन होऊ शकलं. मी सकाळच्या बसने अंबडला जाते आणि संध्याकाळी परत येते. आमचं घर कोणी सांभाळलं ते मलाही माहीत नाही.

नंतर ती आणि दीर नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथल्या गच्चीला सोसायटीचं कुलूप असतं. म्हणून या एप्रिलमध्ये ती उकडीचं पातेलं घेऊन माझ्याकडे आली.

"गच्ची तुमचीच बरी, ताई."

पातळाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. दोघी पापड घालत होतो. मग तिने माझ्या रांगेतली एक कुरडई उचलून मधोमध ठेवली.

"नवीन मालिका मागतायत. बर्फातली लढाई आहे. सैन्य खिंडीत अडकलंय, पुढे सरकतच नाही."

मी पापड उलटत राहिले.

"चुकलंच जरा. कोठीवालीला मारायला नको होतं," ती हसत म्हणाली. "तिची एखादी बहीण आणू का? तुम्ही सांगाल ना?"

"मुखपृष्ठावर किती नावं?"

तिचं हसणं थांबलं. बोटांना लागलेलं पीठ तिने सावकाश काढलं. "त्यांच्याशी बोलून बघते ना."

"बघ. छापील पान दाखव, मग सांगते."

"एवढा पण विश्वास नाही का, ताई?"

मी मधली कुरडई उचलली आणि परत माझ्या रांगेत ठेवली. पाण्याच्या टाकीवरून कबुतरं उतरली. मी माझ्या बाजूची हाकलली.