गाडीभोवतीच्या उलट्या फेऱ्या

नोकरीतले खून, दरोडे, दंगली आता बऱ्याचशा पुसट झाल्या आहेत. मात्र एका घटनेत ना खून होता ना दरोडा, आणि तीच मनातून जात नाही. आठवली की आजही डोके तापते. पालम तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट आहे. नावे कुणाचीच देत नाही, कारण त्यातली बहुतेक माणसे अजून तिथेच नांदत आहेत.

तेव्हा मी ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी आटोपून अंमलदारांना समन्स आणि बंदोबस्ताची कामे वाटून देत होतो, तेवढ्यात त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"सायेब, लवकर या. आमच्या गावात एका म्हातारीला गाडीभोवती उलटं फिरवायलेत."

"उलटं म्हणजे?"

"करणी उतरवायला, सायेब. तिनं गाडीवर करणी केली म्हणायलेत."

हजेरीवरून सुटलेले चार जण आणि महिला अंमलदार घेऊन निघालो. मारुतीच्या पारापुढे एक सात सीटची जीप उभी होती. आदल्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून ती आणलेली होती. भोवती अर्धे गाव. साठीतल्या एका बाईला दोन बायका दंडाला धरून गाडीभोवती उलट पावलांनी चालवत होत्या. पदर खांद्यावरून गळालेला, केस सुटलेले. प्रत्येक फेरीनंतर गाडीवाला आत बसून किल्ली फिरवायचा. गाडी सुरू झाली नाही की गर्दीतून आवाज यायचा, "उतरवीना झाली बघ, लय कडू हाय." म्हणजे इंजिन मेलेले होते आणि ते मेलेलेच राहिले, हाही तिच्याविरुद्धचा पुरावा ठरत होता.

आम्ही गर्दी पांगवली. बाईला आमच्या जीपमध्ये बसवून आधी ग्रामीण रुग्णालयात नेले, मग ठाण्यात. गाडीवाला आणि त्या दोन बायका यांना वेगळे आणले. त्या दोघी त्याच्या घरातल्याच होत्या, भावजय आणि चुलती.

गाडीवाल्याचा जबाब असा होता. पालम ते गंगाखेड तो प्रवासी ने-आण करायचा. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी त्याने गाडीचे ऑइल बदलून आणले आणि नेहमीप्रमाणे त्याच्या आणि त्या बाईच्या घरामधल्या बोळात उभी केली. अमावस्येला पहाटे उठून पाहतो तो गाडीखालून पुढे आलेला काळा तेलकट डाग, त्यावर राख पसरलेली, आणि हातात राखेचे घमेले घेऊन ती उभी. तो तसाच सवाऱ्या भरून निघाला. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झाले. सवाऱ्या उतरून चालत्या झाल्या.

"तेल तुझ्याच गाडीचं गळालं असंल असं नाही वाटलं?"

"गळंल कसं, सायेब? आदल्या दिशीच तर नवंकोरं टाकलं होतं."

"वाटेत समोर तेलाचा लाल दिवा लागला नव्हता?"

"लागला होता. म्या अगरबत्ती ओवाळली आन् तसाच निघालो."

तीस वर्षांच्या नोकरीत मी तऱ्हेतऱ्हेची उत्तरे ऐकली, पण हे ऐकून लेखनिकाची लेखणीही क्षणभर थांबली.

बाई विधवा. मुलगा नाही. एक मुलगी पूर्णेला दिलेली, जावई रेल्वेत. बाई गोधड्या शिवायची आणि तेच तिचे पोट. त्या गल्लीत तिने शिवलेल्या गोधडीत न निजलेले लेकरू सापडले नसते. महिला अंमलदाराने तिला पाणी दिले, केस बांधायला लावले. केस बांधून झाल्यावर ती म्हणाली,

"राख म्याच टाकली, सायेब. ते खरं हाय."

बाहेर व्हरांड्यात थांबलेल्या गावकऱ्यांना हे ऐकू गेले. "घ्या, कबूल केलं," असे कुणीतरी म्हणालेही. मी दार लावून घेतले.

"मावशी, राख का टाकली?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. दोन दिवसांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

"तेल सांडलं होतं. निसरडं झालं होतं सगळं. समोरच्याची सून सातव्या महिन्याची हाय, पाण्याला तिथूनच जाती. पडली असती. म्हून चुलीतली राख टाकली."

एवढेच होते. घरात तेल सांडले तर कोणतीही बाई जे करते ते तिने बोळात केले होते.

मी पंचांसह बोळात गेलो. राख बाजूला सारली, खालची तेलकट माती डब्यात घेतली, पंचनामा केला. गाडी तपासायला मोटार वाहन निरीक्षकांना पत्र दिले. ते आले, गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "ऑइल चेंबरच्या तळाचा बोल्टच नाही. वाटेत पडला. आणि हे बघा." त्यांच्या बोटांवर पांढऱ्या पट्टीचा चुरा होता. नळाला पाणी झिरपू नये म्हणून प्लंबर गुंडाळतात, ती पट्टी. भोकातले आटे पार घासून गेले होते. कुणीतरी त्या गेलेल्या आट्यांत पट्टी गुंडाळून बोल्ट दाबून बसवला होता. रात्री तो झिरपला, सकाळी धक्क्यांनी निसटला, आणि तेल गेल्यावर इंजिन गेले.

आता ऑइलवाला. पालमबाहेरच्या रस्त्यावर त्याचे चकचकीत दुकान होते. 'चहा संपायच्या आत ऑइल चेंज' असा फलक. मालक पदवीधर, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी साध्या कपड्यांत गेलो आणि आधी बाकावर बसून काम पाहत राहिलो. तपासाला जाणारा माणूस गेल्याबरोबर प्रश्न विचारतो, तिथेच फसतो. कामगार बोल्ट बोटांनी फिरवून बसवतच नव्हते. भोकाला लावला की थेट हवेच्या दाबाने आवळणारी गन. एका गाडीखालून दुसरीखाली, डोळ्यांनी पाहायलाही फुरसत नाही. भिंतीवर पान्यांच्या रांगेत एका खिळ्याला पांढऱ्या पट्टीचे रीळ लटकत होते.

ओळख दिली आणि विचारले, "ऑइलच्या दुकानात नळाची पट्टी कशाला लागते?"

त्याचा गोडवा तिथेच संपला. ठाण्यात आल्यावर फार वेळ लागला नाही.

"आटे गेले होते, साहेब. गन जोरात बसली. मागं गाड्या थांबल्या होत्या. म्हटलं, चालतंय काही दिवस."

"गाडीवाल्याला सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आख्खा चेंबर आमच्या गळ्यात पडला असता."

इथे प्रकरण उलगडले असे माझ्या सहकाऱ्यांना वाटले. मला एक गोष्ट खटकत होती. गाडीवाला बावळट होता, पण भांडखोर नव्हता. इतकी वर्षे शेजारी राहून त्याच्यात आणि त्या बाईत कधी शब्दाला शब्द झालेला नव्हता. डाग पाहूनही तो मुकाट निघाला होता. मग गाडी बंद पडल्यावर डोक्यात हे शिरले कुठून? मी त्याला पुन्हा बोलावले.

"करणी हा शब्द पहिल्यांदा कोण बोललं? तू, तुझी चुलती, का आणखी कोणी?"

"ऑइलवाला, सायेब. गाडी बंद पडली तवा म्या त्याला फोन लावला. म्हटलं, तुमी काय केलं गाडीला? तर तो म्हणला, आमच्याकडून गाडी ठणठणीत गेली. आज अमावस्या हाय, राती कुणी काई केलं का बघा. मंग मला ती राख आठवली."

ऑइलवाल्याने हे नाकारले नाही. उलट त्याला त्यात वावगे काही दिसेना. "मी कुणाचं नाव घेतलं का, साहेब? मी स्वतः असलं काही मानत नाही. गिऱ्हाईक तापलं होतं, त्याला काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. ती खेड्यातली माणसं, त्यांनी काय अर्थ काढला त्याला मी काय करणार?"

त्या क्षणी माझा हात शिवशिवला, हे खोटे कशाला सांगू? गाडीवाल्याने केले ते अंधश्रद्धेने केले, निदान त्याचा तरी त्यावर विश्वास होता. याचा कशावरच विश्वास नव्हता. बोल्टाला पट्टी गुंडाळली तशीच आपल्या चुकीला अमावस्या गुंडाळली आणि मोकळा झाला.

पण कलम कुठले लावणार? त्याने नाव घेतलेले नव्हते, गावात पाऊल टाकलेले नव्हते. इंजिनाचे नुकसान ही ग्राहकाची तक्रार, आणि ती त्याने गाडीवाल्याशी परस्पर मिटवली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा गाडीवाला आणि त्या दोन बायकांवर दाखल झाला. बाई फिर्यादी. आणि बोल्ट कसा गेला हे सिद्ध करायला आरोपपत्रात ऑइलवाला आमचा साक्षीदार.

आरोपपत्रापूर्वी मी गावात सभा घेतली. पट्टी, बोल्ट, आटे, सगळे समजावून सांगितले. राख का टाकली तेही सांगितले. माणसे मान डोलवत होती. मला बरे वाटले. मग मागून एका म्हाताऱ्याने अदबीने विचारले, "सायेब, बोल्ट गेला ते पटलं. पण तिथं एवढ्या गाड्या जात्यात. ह्याच्याच गाडीचा का गेला?"

पुन्हा सगळ्या माना डोलल्या, पहिल्यापेक्षा जास्त मनापासून.

बाई दारातून ऐकत होती. त्या आठवड्यात तिच्या ओट्यावर गोधड्या येऊन पडू लागल्या. कुणी भांडले नाही, काही बोलले नाही. फक्त तिने शिवलेली गोधडी तिच्या दारात आणून टाकायची आणि निघून जायचे. सातव्या महिन्याच्या सुनेच्या घरूनही एक आली.

बाईने घराला कुलूप लावले. पूर्णेला जायच्या आधी ती ठाण्यात आली.

"सायेब, त्या केसमधी माझं नाव येतंय का?"

"येणारच, मावशी. तुम्हीच फिर्याद दिली आहे."

"पेपरात बी येतंय? म्हंजे पूर्णेला कळंल?"

ती काय विचारते आहे ते मी समजलो. गुन्हा गाडीवाल्यावर होता, पण खटला जिथे जाईल तिथे 'करणी' हा शब्द तिच्याच नावाला चिकटून जाणार होता.

"तिथं लेक नांदती माझी," ती म्हणाली. "तिला लेकरं हायेत."

खटला उभा राहिला तोवर माझी बदली झाली होती. साक्षीला मी गेलो. बाई जावयाबरोबर आली होती. पिंजऱ्यात उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "राख म्या टाकली होती. बाकी मला कुणी काई केलं न्हाई." सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर करून उलटतपासणी घेतली. ती तेवढेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. आरोपी सुटले.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कुठल्याही गुन्ह्यात मी कृत्य कुणी केले यावर थांबलो नाही, पहिला शब्द कुणी टाकला हे शोधत राहिलो. नव्या अधिकाऱ्यांनाही तेच शिकवले. या सवयीमुळे पुढे काही प्रकरणे सुटली. पण पहिला शब्द टाकणाऱ्याला शिक्षा झाल्याचे मी क्वचितच पाहिले, आणि त्याचे शल्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

निकालपत्राची प्रत मी मागवून वाचली. त्यात बाईच्या नावापुढे लिहिले आहे की साक्षीदार फितूर झाली, तिच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. ऑइलवाल्याने बोल्ट, पट्टी, आटे असे सगळे मुद्देसूद सांगितले होते. त्याची साक्ष न्यायालयाला सरळ, सुसंगत आणि विश्वासार्ह वाटली.