पदराखाली घे

मला सावरलं ते आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांनी.

बाळाला हात लावायच्या आधी त्या दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायच्या, स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. ऊब आली की मगच म्हणायच्या, "आण गो तुझा वाघ." मुलगी असली तरी वाघच. लसीच्या दिवशी तुम्ही बाकावर बसला असाल तर ठाऊक असेल, रांग सरकली नाही की बायका कुरकुरतात. सिस्टर विचारायच्या, "कुणाची गाडी सुटते काय?"

आम्ही नवराबायको हिंगोलीकडचे. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. माझी शाळा सातवीत सुटली. बाळंतपणात माहेरचं कुणी जवळ नव्हतं. जन्मल्यावर टोचलं तेव्हा पोरगं इतकं रडलं, की दीड महिन्याच्या लसीला मी अर्ध्या वाटेतून परत फिरले. पुढच्या आठवड्यात आशाताई घेऊन गेल्या. आई फोनवर म्हणाली होती, "भरल्या पोटी नेऊ नको, ओकंल." म्हणून सकाळपासून पाजलं नव्हतं. सुईआधीच तो रडून लाल.

"कधी पाजलंस?" सिस्टरांनी विचारलं.

"सकाळपासून नाही."

"सत्यनारायण हाय काय इथं, उपास धरायला?"

बायका हसल्या. माझे डोळे भरले, तसा सिस्टरांचा आवाज खाली आला. "परत पळतेस काय?"

"बघवत नाही मला. तुम्हीच धरा त्याला, मी बाहेर थांबते."

"धरीन की. पण त्याला माझा वास ठाऊक नाय."

आधी तोंडात थेंब दिले. मग पडदा ओढून त्याचं अंगडं काढायला लावलं, उघडं अंग माझ्या अंगाशी. "पदराखाली घे. पिऊ दे पोटभर." तो नीट ओढायला लागला, पण माझाच श्वास अडकलेला. मूर्तीचे डोळे आखताना आम्ही श्वास रोखतो, नाहीतर रेघ हलते. तीच सवय. सिस्टरांना ते दिसलं.

"श्वास सोड गो. तू लाकूड झालीस तर तोही होतो."

मी सोडला. त्यांनी एका मांडीत टोचलं. पोरगं कण्हलं, पुन्हा प्यायला लागलं. दुसऱ्या मांडीलाही तसंच. दंडावर टोचल्यावर मात्र रडला, पण मी पाठ थोपटेस्तोवर थांबला.

"दुखलं त्याला, नाय कशाला म्हणू," सिस्टर म्हणाल्या. "पण लवकर निवला."

पुढच्या दोन्ही खेपांना मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

नऊ महिन्यांच्या लसीला गेले तर खुर्चीत दुसऱ्या सिस्टर. आमच्या सिस्टरांची रोह्याला बदली झाली होती. फोन केला. म्हणाल्या, लेक बाळंतपणाला येतेय, रजा मिळेलसं वाटत नाय, दिवसभर तिच्यापाशी कोण बसणार.

मी फोन ठेवला. आधी नवऱ्याला विचारलं. तो हो म्हणालाय. दिवस भरत आले की पोराला कडेवर घेऊन मी रोह्याला जाणार, सव्वा महिना राहणार. आत्ताच सांगितलं तर नको म्हणतील, म्हणून दारात उभी राहूनच सांगेन: सिस्टर, तुम्ही ड्युटीला जा, लेकीचं मी बघते.