नवा संगणक बोलेना

नवे संगणक आले तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले होते. काय पातळ आहे, काय चकचकीत आहे, असं प्रत्येकजण म्हणत होता. मीही हात फिरवून पाहिला. खरंच पातळ होता. जुन्याचा पंखा उन्हाळ्यात गिरणीसारखा घरघरायचा, ह्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. जुना कुठे नेला कोण जाणे. शिपायानं वायरी काढल्या, ‘मॅडम, जरा सरका’ म्हणाला आणि घेऊन गेला.

मी जन्मापासून आंधळी आहे. सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. तालुक्याला लागलेल्या निकालांवरची जमिनीची अपिलं आमच्याकडे येतात. त्यांची उत्तरं, सुनावणीच्या नोटिसा, वरच्या कार्यालयाला जाणारे खुलासे मी लिहायचे. माझ्या संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक यांत्रिक आवाज होता. मी कळ दाबली की अक्षर बोलायचा, ओळ बदलली की ओळ बोलायचा. वर्षानुवर्षांच्या सवयीनं मी त्याचा वेग इतका वाढवला होता की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नसे. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण त्याला भटजी म्हणायची. ती रोज अक्कलकोटहून ये-जा करते, घरी कानडी बोलते. ‘भटजी आज फारच घाईत आहेत की,’ असं म्हणत ती डबा उघडायची.

माझ्या मसुद्यांना मान होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. किचकट प्रकरण आलं की साहेब म्हणायचे, ‘हे मॅडमकडे द्या. त्या शब्दांत बरोबर बसवतील.’ रस्ता ओलांडताना, बसमध्ये, लग्नकार्यात मी आधी आंधळी असते आणि मग बाकीची. त्या खुर्चीत तसं नव्हतं.

नव्या संगणकावर वाचनाची प्रणाली घालून दिली होती आणि पहिल्या दिवशी ती बोललीही. पण काहीतरी चुकत होतं. मी जरा विचार करायला थांबले, हात कळांवरून उचलला आणि पुन्हा ठेवला की वाक्याचा पहिला तुकडा यायचाच नाही. ‘अर्जदार यांनी सादर केलेले’ ह्यातलं ‘सादर केलेले’ एवढंच कानी पडायचं. आधी वाटलं, नवा आवाज आहे, सवय होईल. सवय झाली नाही.

सगळ्यात त्रास गावांच्या यादीनं दिला. नोटीस काढताना अर्जदाराचं गाव यादीतून निवडावं लागतं. बाणाची कळ दाबत खाली जायचं आणि गाव ऐकू आलं की थांबायचं. आता थांबून थांबून ऐकलं तर नुसतं ‘पूर’ ऐकू यायचं. पुन्हा खाली, पुन्हा ‘पूर’. आपल्या जिल्ह्यात पुरांना काय तोटा! मी मागे-पुढे करून, कळा भराभर दाबून, आवाजाला थांबायला वेळच न देता ऐकायची युक्ती काढली. ती बहुतेक वेळा चालायची.

मिरजेला माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे. तोही आंधळा, मुलांना संगणक शिकवतो. त्याला फोन केला.

‘तुझं मशीन वीज वाचवतंय,’ तो म्हणाला. ‘जरा गप्प राहिलं की आवाजाचा भाग झोपी जातो. बोलायची वेळ आली की जागा व्हायला त्याला क्षणभर लागतो. तेवढ्यात पहिला शब्द गेलेला असतो.’

‘मग उपाय काय?’

‘ती सेटिंग बंद करायची. चुटकीसरशी होतं.’

‘सांग, आत्ता करते.’

‘तुला करता येणार नाही. ऑफिसचं मशीन आहे ना? पासवर्ड मागेल.’

पासवर्ड मागितलाच. तो संगणक पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाकडे होता आणि ठेकेदाराचा माणूस फोन घेत नव्हता. तेव्हा मित्रानंच दुसरी वाट सुचवली. आवाजाला झोपूच द्यायचं नाही, मागे हळू काहीतरी वाजत ठेवायचं. गाणी लावली तर माझं लक्ष शब्दांकडे जायचं. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट मी मोबाईलवर पकडली, स्वतःलाच ईमेल केली आणि संगणकावर अगदी बारीक करून कानातल्या इअरफोनमध्ये लावून ठेवली. भटजी पुन्हा पहिल्यापासून बोलू लागले. मी मैत्रिणीच्या कानाला इअरफोन लावला. ‘अय्यो, तू मागावर बसलीस की काय!’ ती म्हणाली आणि आम्ही खूप हसलो. त्या संगणकाच्या संगतीत हसल्याचं मला एवढंच आठवतं.

मग एका सोमवारी मी येऊन बसले, संगणक चालू केला आणि काहीच नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीत सगळ्या संगणकांवर वरून काहीतरी नवं घातलं होतं, हे नंतर कळलं. इअरफोन मोबाईलला लावून पाहिला, तो ठीक होता. आवाज बंद करायची कळ चुकून दाबली असेल म्हणून ती पुन्हा दाबली. वाचनाची प्रणाली बंद करून चालू केली. संगणक बंद करून चालू केला. वायर काढून घातली. ज्या भोकात घालायची त्याच्या शेजारच्याही भोकात घालून पाहिली. मला जेवढ्या कळा ठाऊक होत्या तेवढ्या सगळ्या दाबल्या.

आवाज दुरुस्त करायच्या जागी पोचायचं तर आवाज हवा. डोळस माणसाला हे पटकन कळत नाही. तो पडदा बघतो, चिन्हावर बोट ठेवतो. मी दाबलेली कळ लागली की नाही, एखादी चौकट उघडली की दुसरीच बंद झाली, हे मला कुणी सांगितल्याशिवाय कळत नव्हतं. न राहवून मी काहीतरी टाईप केलं आणि मैत्रिणीला विचारलं, ‘काय उमटलं?’

ती उठून आली. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं पडदा पाहिला. मग म्हणाली, ‘अगं, तू फाईलच्या नावावर टाईप केलंस. नाव पुसलं गेलं सगळं.’

मी हात मांडीवर ठेवले.

तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. एक मुलगी अदबीनं बोलत होती.

‘मॅडम, स्क्रीनवर आत्ता काय दिसतंय?’

‘मला दिसत नाही. मी आंधळी आहे. म्हणून तर तो आवाज लागतो.’

‘ओके मॅडम. उजव्या कोपऱ्यात खाली स्पीकरचं चित्र दिसतंय का?’

‘मला काहीच दिसत नाही हो.’

‘मग मॅडम, जवळच्या कुणाला तरी बसवा ना संगणकावर.’

तिचा स्वर वाईट नव्हता. तिला समोरच्या कागदावरचे प्रश्न विचारायचे होते आणि त्या प्रश्नांत मी कुठे बसत नव्हते.

काही दिवसांनी ठेकेदाराचा माणूस आला. उभ्याउभ्याच त्यानं पाहिलं. ‘आवाज मॉनिटरकडे चाललाय. आणि मॉनिटरला स्पीकरच नाही,’ असं म्हणत त्यानं काहीतरी बदललं आणि एकदम माझ्या कानात आवाज सुरू झाला. ‘आला!’ मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. मी त्याला वीज वाचवायच्या सेटिंगचंही सांगितलं. ‘ते पुढच्या वेळी,’ म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी संगणक चालू केला, तर आवाज पुन्हा मॉनिटरकडे गेलेला.

फोन केला तर म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या तक्रारीवर निराकरण झालं असं आलंय. नवी टाका.’ नवी तक्रार संगणकावरूनच टाकायची होती आणि शेवटी चित्रातली वाकडी अक्षरं वाचून भरायची होती. ती मैत्रिणीनं भरली. पुढचीही तिनंच भरली. त्यानंतर मी तिला भरायला सांगितलं नाही.

मिरजेचा मित्र फोनवर चिडायचा. ‘साहेबांना लेखी दे. हक्क आहे तुझा.’ लेखी दिलं. तोंडानं सांगितलं, मैत्रिणीनं टाईप केलं. साहेबांनी ते वर पाठवलं. वरून काही आलं नाही.

त्या काळात माझं सगळं काम मैत्रिणीच्या तोंडून आणि हातांतून चाललं होतं. आधी ती प्रकरण अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायची, मी मसुदा सांगायचे, ती टाईप करायची. तिचं स्वतःचं काम पडून राहायचं आणि तिला संध्याकाळची गाडी गाठायची असायची. हळूहळू ती म्हणू लागली, ‘ह्यात विशेष काही नाही गं, नेहमीचंच आहे.’ मग ‘मी तुझ्यासारखंच लिहून टाकलंय, ऐकतेस का?’ मी ऐकायचे. चांगलं असायचं. माझीच वाक्यं होती ती, मैत्रीण इतकी वर्षं शेजारी बसून वाचत आली होती. पुढे ती ऐकवायचीही बंद झाली. आमचं भांडण झालं नाही. भांडायचं तर कशावरून?

एका दुपारी एक म्हातारी बाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. अंगाला शेळ्यांचा वास होता, हातात पिशवी चुरचुरत होती.

‘बाई, मी येळापूरची. नवऱ्याच्या मागं जमिनीवर माजं नाव लावायचं अपील हाय. तारकंचा कागुद आलाच न्हाय की.’

मी मैत्रिणीला नोंद बघायला सांगितलं. तिनं नोंद उघडली. मग माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाली, ‘तू काढलेली नोटीस आहे. गाव वडापूर पडलंय.’

यादीत वडापूर आणि वेळापूर जवळजवळच येतात. दोन्हींचं शेवटचं ‘पूर’ मी ऐकलं होतं. म्हातारीची तारीख होऊन गेली होती, ती गैरहजर म्हणून अपील निकाली निघालं होतं. आता ते पुन्हा उघडायला अर्ज करावा लागणार होता. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं, मशीनमुळे झालं असंही सांगितलं. ती ऐकत होती. मग तिला बहुधा माझे डोळे दिसले.

‘आगं बया,’ ती म्हणाली, ‘तुला दिसत न्हाय व्हय? मग ऱ्हाऊ दे. तू तरी काय करशील?’

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती ओरडली असती तर मला काही बोलता आलं असतं.

अर्ज मैत्रिणीनं लिहून दिला. साहेबांनी मला आत बोलावलं. खुर्ची ओढून दिली, चहा मागवला, तेव्हाच मला कळलं.

‘मॅडम, तुमची चूक नाही, हे मी फाईलवरसुद्धा लिहिलंय. पण लोकांच्या जमिनीचा प्रश्न आहे. पत्रव्यवहार तूर्त तुमच्या शेजारच्या मॅडमकडे राहू दे. तुम्ही फोन बघा. जरा आराम करा.’

‘साहेब, एक सेटिंग बदलायची आहे. पासवर्ड मिळाला तर मी स्वतः करीन.’

‘मी लिहिलंय वर,’ ते म्हणाले. ‘चहा घ्या.’

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भाकरी मोडत होता. ‘पगार चालू आहे ना?’ त्यानं विचारलं. ‘मग कशाला जिवाला लावून घेतेस?’ त्याला धीर द्यायचा होता, हे मला कळत होतं. मी त्याला आमटी वाढली.

पुढे कित्येक महिने मी फोन घेतले. कोण हवंय, जोडते, साहेब बैठकीत आहेत, उद्या करा. उन्हाळ्यात कधीतरी ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराचा माणूस सगळे संगणक तपासत माझ्यापर्यंत आला. मी सवयीनं सगळं सांगितलं, अपेक्षा काही नव्हती. त्यानं पासवर्ड घातला, आवाज जिथे जायला हवा तिथे पक्का केला, वीज वाचवायचं बंद केलं. चहा येईपर्यंत झालंसुद्धा. संगणक बंद करून चालू केला, पहिल्या अक्षरापासून बोलला. दुसऱ्या दिवशीही बोलला.

मी साहेबांकडे गेले. तोवर ते साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी माझं मसुद्याचं काम कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी मी फोनवरच्या मॅडम होते. ‘अरे वा, आवाज आला का! छान,’ ते म्हणाले. ‘पत्रांचं बघू या पुढे. आता त्यांचा हात बसलाय, मध्येच कशाला बदला?’

मैत्रिणीला सांगितलं तर तिनं खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाली, ‘मी बोलू का साहेबांशी?’

‘नको,’ मी म्हटलं. तिला बढतीची आशा आहे, आणि ती बढती ह्याच कामावर ठरणार आहे.

आता संगणक उत्तम बोलतो. सकाळी चालू केला की तारीख सांगतो, नवं पत्र नाही म्हणून सांगतो. फोन वाजत नसेल तेव्हा मी माझ्या जुन्या फाइली उघडून वाचते, कुठे एखादा शब्द खटकला तर सुधारते आणि जतन न करताच बंद करते. शेजारच्या टेबलावर कळा वाजत असतात. मध्येच मैत्रीण विचारते, ‘अगं, “उपरोक्त” नंतर “विषयांकित” लिहिलं तर चालेल ना?’

‘दोन्ही नको,’ मी म्हणते. ‘एकच लिही.’