फॉक्सप्रो संपलं म्हणतात, नाना!

फॉक्सप्रोत एखादी नोंद डिलीट केली तरी ‘पॅक’ कमांड देईपर्यंत ती आतच पडून असते. आमच्या ऑफिसच्या किश्शांचं तसंच झालंय. पॅक कुणी केलंच नाही, साचत गेले!

नव्वदीच्या दशकात जळगावातलं आमचं ऑफिस म्हणजे मालक नाना, सलीम आणि मी. दुकानदारांना, डाळमिलवाल्यांना डॉसवर चालणारे फॉक्सप्रोचे प्रोग्रॅम लिहून द्यायचे. नानांनी मेहरूणचा प्लॉट विकून हे थाटलं होतं, आणि आम्हाला दुसरं काही येत नव्हतं.

एके दिवशी पुण्याहून नानांचा भाचा आला. “मामा, आता विंडोज! तुमचं फॉक्सप्रो संपलं!”

नाना मात्र बशीत चहा ओतत म्हणाले, “जळगावात अजून नीट पोचलं नाही, आणि संपलं कसं?”

*

मे महिन्यात ऑफिसात एकच कूलर, त्याचं तोंड कायम कॉम्प्युटरकडे. सलीम घामाने निथळत म्हणाला, “नाना, जरा इकडे फिरवू का?”

“मशीन हँग झालं तर काम बंद पडतं. तू हँग झालास तर घरी पाठवता येतं!”

सलीमने गुपचूप आपली खुर्ची मशीनला खेटून लावली.

*

भुसावळला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मॉनिटर जळाला. सलीम नवा घेऊन पोचला, तर तिथल्या अक्का धडाधड मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या छापत बसलेल्या. स्क्रीन काळाठिक्कर!

“अक्का, काही दिसत नसताना कसं काय?”

“त्यात बघायचं काय? तीन, एंटर, एंटर. बोटांना पाठ आहे!”

सलीमने हे सांगितल्यावर नाना खूश. “भाच्याला म्हणावं, आता आण तुझं विंडोज!”

*

पण विंडोज आलंच. डाळमिलवाले एकेक करून गेले. नानांची झोप उडाली, ते सारखे चिडायला लागले. मोठं गिऱ्हाईक एकच उरलं, धुळ्याच्या आबांचं वधू-वर सूचक केंद्र. तेही गेलं की ऑफिसला कुलूप.

कोणता ठेवायचा ते ठरवायला आबांनी विंडोजचा आणि आमचा, दोन्ही प्रोग्रॅम समोरासमोर बसवले. पुण्याच्या कंपनीचा टाय लावलेला माणूस, रंगीत स्क्रीन, माऊस. आमच्याकडे जुनं मशीन आणि तिघांचे पडलेले चेहरे.

नरडाण्याहून एक गृहस्थ मुलीसाठी आले होते. तिचीच पत्रिका दोन्ही मशीनमध्ये टाकली.

टायवाल्याने क्लिक केलं. मुलगा हजर!

आमची हार्ड डिस्क कुरकुरत बसली. स्क्रीनवर ‘कृपया थांबा’. चहा आला, पिऊन झाला. ‘कृपया थांबा’. नाना कपाळ पुसत होते, सलीम छताकडे बघत होता. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी प्रिंटर करकरला. नाव आलं, तोच मुलगा!

आबा हसले आणि त्या गृहस्थांना म्हणाले, “भाऊ, पोर तुमची. तुम्हीच सांगा, कोणतं मशीन ठेवू?”

आमच्या मशीनकडे बोट करून ते अहिराणीत म्हणाले,

“हाई ठेवा, आबा. पोरना जलमना सवाल शे. यानी इचार तरी कया!”