सासुरवाडीची मोटार: स्टँडर्ड की डिलक्स?

आमच्या सासुरवाडीची जर्मन मोटार डिलक्स आहे की स्टँडर्ड, हे ठरवण्यासाठी मी आजवर तीन वेळा तिच्याखाली गेलो आहे. त्यातल्या दोन वेळा स्वतःहून.

मोटार माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. फुगीर पाठ, दोन गोल डोळे, सामान पुढं आणि इंजिन मागं, अशी ही जुनी गाडी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या बोळात वर्षानुवर्षं उभी असायची. बोळ इतका अरुंद, की गाडी दारात लागली की घरात जाण्यासाठी गाडीच्या एका दारातून आत शिरायचं आणि दुसऱ्या दारातून उतरायचं. (मुलगी बघायला गेलो तेव्हा मी असाच घरात शिरलो. मला वाटलं, यांच्याकडं पाहुण्यांच्या स्वागताची ही पद्धत असेल!)

सहा वर्षांपूर्वी अप्पांच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला आणि त्यांनी गाडी टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या एका खासगी मोटार संग्रहालयाला देऊन टाकली. देऊन टाकली हे आपलं म्हणायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अप्पा एसटीनं तिथं जातात, गाडीशेजारी खुर्ची टाकून तासभर बसतात आणि परत येतात.

"काय करता हो तिथं तासभर?" मी एकदा जेवताना विचारलं.

"बसतो की. पैलं ती मला न्यायची. आता मी जातो तिच्याकडं."

हे ऐकून माझ्या घशात काहीतरी अडकलं. (शेंगाचटणी होती. पण ती नसती तरी अडकलं असतं.)

यंदा दसऱ्याच्या महिनाभर आधी संग्रहालयाचं पत्र आलं. नव्या, म्हणजे आणखी जुन्या, गाड्या येणार असल्यामुळं मोठ्या हॉलमध्ये यापुढं फक्त वरच्या दर्जाची मूळ मॉडेलं राहतील. साधी 'स्टँडर्ड' मॉडेलं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवण्यात येतील. आपली गाडी स्टँडर्ड असल्याची आमची समजूत आहे; हरकत असल्यास पुण्याहून येणाऱ्या तज्ज्ञांपुढं पुराव्यानिशी मांडावी.

अप्पांनी पत्र दोनदा वाचलं. "पत्र्याखाली? सोलापूरच्या उनात? आरं, पत्र्याखाली हितं कोंबड्या ठेवत न्हाईत!"

त्या दिवशी त्यांनी भाकरीला हात लावला नाही. कडक भाकरी अजून स्वतःच्या दातांनी मोडणारा चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस नुसता ताटाकडं बघत बसला. "एन माडोदु आता? काय करायचं?" एवढंच पुटपुटला. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी बोलून बसतो, ही माझ्या संसारातली मुख्य अडचण आहे.

"अप्पा, काळजी सोडा. गाडी डिलक्स आहे हे मी सिद्ध करतो!"

माझी बायको शैला ताटं उचलता उचलता थांबली. "तुम्ही?"

एका शब्दात इतका अविश्वास कोंबणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. वास्तविक या विषयात मला जगभर मान आहे. जगभर म्हणजे फोनवरच्या एका ग्रुपमध्ये. तिथं जर्मनीतल्या संग्रहालयांतल्या जुन्या गाड्यांचे फोटो येतात आणि आम्ही जाणकार मंडळी सांगतो, की गाडी कारखान्यातून साधी निघाली होती की नटूनथटून. कारण एकाच गाडीचे दोन दर्जे असायचे. डिलक्सच्या अंगावर चकचकीत पट्ट्या, ड्रायव्हरच्या शेजारच्यालाही उन्हाची झडप, राखेची डबी, असा सगळा थाट. स्टँडर्डला चार चाकं आणि कारखान्याच्या शुभेच्छा. पण पुढं मालक हौसेनं पट्ट्याबिट्ट्या बसवून घेतात आणि संग्रहालयंसुद्धा फसतात. अशा वेळी मी इथं जुळे सोलापूर भागात चहा पिता पिता लिहितो, 'हॉर्नची रिंग मूळची नाही,' आणि तिकडं जर्मनीत खळबळ उडते. (उडत असावी. उत्तर अजून आलेलं नाही.)

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी संग्रहालयात गेलो. व्यवस्थापक जगताप माझ्या मागं मागं होते.

"सायेब, दोरीच्या आत जाऊ नका."

"जगताप, मी तज्ज्ञ आहे."

"तरी बी नका."

मी आत गेलो. यादी काढली. अंगावर पट्ट्या? नाहीत. दुसरी झडप? नाही. राखेची डबी? नाही. माझा चेहरा पडत चालला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली होती, म्हणून नंबर बघायला खाली शिरलो. (ही पहिली वेळ.) नंबर ग्रीसखाली गाडला गेला होता, ग्रीस सगळं माझ्या शर्टाला लागलं, पण नंबर वाचता आला नाही. हताश होऊन बाहेर आलो आणि पुढच्या दिव्यांकडं लक्ष गेलं. दिव्यांभोवतीची कडी, दारांच्या मुठी, पुढच्या झाकणाची मूठ, सगळं सोनेरी! इतर गाड्यांचं पांढरं चकचकीत, हिचं मात्र पिवळंधमक! (बोळाच्या अंधारात इतकी वर्षं हे कधी नजरेत भरलं नव्हतं.)

मी खिशातून चुंबक काढलं आणि कड्याला लावलं. चिकटलं नाही! म्हणजे लोखंड नाही. (हे चुंबक आमच्या फ्रिजवर हसऱ्या भोपळ्याच्या रूपात असतं. शैला दोन दिवस शोधत होती.) लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासानं परदेशातून उत्तर आलं, 'असलं काही आम्ही आयुष्यात पाहिलेलं नाही.'

आता एवढ्या मोठ्या लोकांनी आयुष्यात पाहिलेलं नाही म्हटल्यावर अर्थ सरळ होता. ही डिलक्स नव्हतीच. डिलक्सच्याही वरची होती! कारखान्यानं दोनचार खास लोकांसाठी काढलेली सुवर्ण आवृत्ती! पट्ट्या, झडपा, डब्या नव्हत्या, कारण खऱ्या श्रीमंताला असल्या गोष्टींची गरज नसते. हा विचार मला एसटीत मोडनिंबच्या आसपास सुचला आणि सोलापूर येईपर्यंत पूर्ण खात्रीत बदलला.

"सोन्याची?" अप्पा खुर्चीतून उठलेच.

"सोन्याचा मुलामा, अप्पा."

"व्हय की! म्हणूनच चढावर धाप लागायची तिला. सोनं जड असतंय!"

त्या रात्री ते तीन भाकरी जेवले. सकाळी अख्ख्या पेठेला बातमी कळली. दुपारी अक्कलकोटच्या पाहुण्यांचा फोन आला, संध्याकाळी आणखी तीन. मी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली: 'सुवर्ण आवृत्ती. जगात दुर्मीळ. संशोधन: जावई.' शैला म्हणाली, "आधी तज्ज्ञ येऊ द्या, मग पाटी करा." पण माणूस शोधाच्या धुंदीत असला की बायकोचं बोलणं त्याला रस्त्यावरच्या हॉर्नसारखं ऐकू येतं.

पुण्याचे तज्ज्ञ करमरकर आले ते नेमके खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं अवजारांची आणि वाहनांची पूजा, त्यामुळं अप्पांनी ठरवलं, निकाल आणि पूजा एकदमच उरकू. दोन जीप भरून पाहुणे, झेंडूच्या माळा, नारळ, शेंगापोळ्यांचा डबा, शालीत गुंडाळलेली पाटी, असा सगळा लवाजमा हॉलमध्ये शिरला. जगतापांनी फक्त डोळे मिटून घेतले. सगळ्यात शेवटी सासूबाई आल्या, ज्यांना सगळं घर अव्वा म्हणतं. त्यांच्या हातात पूजेची पिशवी होती.

करमरकरांनी पांढरे हातमोजे घातले, बॅटरी काढली आणि टायरपासून टपापर्यंत गाडी बघत गेले. मग माझ्याकडं वळले.

"हा सोनेरी प्रकार कारखान्याचा आहे, हे आपण कशावरून म्हणता?"

मी घसा साफ केला. पंधरा मिनिटं बोललो. जर्मन लोकांचा स्वभाव, सोन्याचे गुणधर्म, जगाचं मौन, सगळं सांगितलं. शेवटी, खालच्या भागालाही चुंबक चिकटत नाही हे दाखवायला गाडीखाली शिरलो. (दुसरी वेळ.) ते चटकन चिकटलं आणि निघेना. भोपळा तिथंच सोडून मी बाहेर आलो.

तेवढ्यात मागून घासल्याचा आवाज आला. खस्स, खस्स, खस्स.

अव्वा दोरीच्या आत होत्या. पदर खोचलेला. एका हातात भिजवलेल्या चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात राखेची पुडी, आणि दिव्याच्या कड्यावर जोर लावून हात चाललेला!

"आजी!" करमरकर किंचाळले. पुण्याचा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. "आजी, हे काय करताय?"

"घासतीय की. बगा तरी कडंकडंनं किती काळं पाडलंय! सा वर्सं कुणी हात लावल्याला दिसत न्हाय."

"तुम्ही हे... नेहमी घासता?"

"दर खंडेनवमीला. समई, तांब्या, घंगाळ, आन मग गाडी. आदी हे समदं पांढरं हुतं. लई मळ बसल्याला! कारखान्यातनंच तसं आल्यालं, कुणी धुतलंच नसंल. मी सोडलं न्हाय. वीस वर्सं चिंच लावली, तवा कुटं मळ सुटला आन खालचं पितळ दिसाय लागलं!"

चिंचेचा एक थेंब टपकन फरशीवर पडला.

"आजी," करमरकर हळूच म्हणाले, "तो मळ नव्हता. तो क्रोमचा मुलामा होता."

"असंल. पर निघाला का न्हाय?"

मी अप्पांकडं वळलो. "अप्पा, तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"मला वाटायचं, गाडी म्हातारी झाली की पिवळी पडती. आपल्या दातांवानी."

पाहुण्यांत खसखस सुरू झाली. कुणीतरी मदत म्हणून पाटीवरची शाल ओढली, आणि 'संशोधन: जावई' हे शब्द सगळ्या हॉलला दिसले. पाटी झाकायला मी मागं धावलो, पाय दोरीत अडकला, आणि पाटी आणि झेंडूच्या माळेसकट लोळत थेट गाडीखाली गेलो. (तिसरी वेळ.) फक्त पाय बाहेर राहिले. खरं सांगतो, बाहेर यावंसंच वाटेना. वर भोपळा हसत होता.

खालून मला करमरकरांचा आवाज ऐकू आला. "गाडी स्टँडर्ड आहे, यात शंका नाही. नियमाप्रमाणं शेडमध्ये."

मला खालून फक्त अप्पांच्या चपला दिसत होत्या. त्या गाडीच्या अगदी जवळ आल्या आणि तिथंच थांबल्या. पत्र्यावर हात फिरवल्याचा आवाज आला. मी आजवर पुष्कळदा तोंडावर आपटलो आहे, पण त्या चपला पाहून जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती. म्हाताऱ्याला महिनाभर हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा मीच होतो.

मग अव्वा बोलल्या.

"सायेब, एक सांगू का? बावीस वर्सांमागं मधल्या माणसानं सांगितलं, मुलगा इंजिनेर हाय. आमी हौसेनं पोरगी दिली. मागनं कळलं, इंजिनेर न्हाय, इंजिनेराच्या हापिसात टपाल बगतात. आता हे डिलक्स सांगून स्टँडर्ड गळ्यात मारणं झालं का न्हाय?"

"अव्वा!" शैला म्हणाली. पण फार जोरात नाही.

"तू थांब गं. पर सायेब, आमी जावईबापूंना पत्र्याखाली ठिवलं का? न्हाय की! हालमदीच बसवतो. पंख्याखाली. येतात, दोन येळा च्या पितात, कायबाय बोलतात. चालतंय की! घरचं म्हटल्यावर कुणी मॉडेल बगतंय व्हय?"

करमरकर गुडघ्यांवर बसले, बॅटरी लावली आणि गाडीखाली वाकले. आधी माझे बूट बघितले. मग पोट. मग ग्रीस लागलेला शर्ट, चेहऱ्यावरचा झेंडू, छातीवरची पाटी. गाडी जशी बघितली होती तसंच, टायरपासून टपापर्यंत. मग बॅटरी बंद करून उभे राहिले आणि जगतापांना म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे. गाडी हॉलमध्येच राहू द्या."

अप्पांनी खुर्ची ओढली आणि गाडीशेजारी बसले. त्या गाडीसाठी मी महिनाभर पुरावे गोळा केले होते. तज्ज्ञांनी एकही कागद न मागता जागच्या जागी मान्य केलेला पुरावा मात्र एकच निघाला. मी!