आधी सुई की आधी छप्पर

गेल्या पंधरवड्यात दवाखान्याच्या आवारात कार्यक्रम झाला. मांडव, खुर्च्या, हार, सगळं. बाहेरून आलेल्या एका साहेबानं माईकवर सांगितलं की रोग्याला नुसतं औषध देऊन भागत नाही, डोक्यावर छप्परही पाहिजे, आणि ते गावानं नि दवाखान्यानं मिळून करावं. म्हणे हा नवा विचार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून घरी आलो. सून म्हणाली, "बाबा, चहा तं पेऊन यायचा होता." तसला चहा माझ्या घशाखाली उतरत नाही.

नवा विचार! मी चौथीही पुरी केली नाही, पण डोळे तर होते मला.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. गोंडपिपरीच्या अंगाला आमचं बाजाराचं गाव. माझी बैलगाडी होती, जंगलातून बांबू वाहायचो. एका सकाळी पाहतो तर बाजाराच्या ओट्यावर एक माणूस पडलेला. सिरोंचाच्या पलीकडचा, तेलुगू बोलणारा. ठेकेदाराकडे सागवान तोडायला होता. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तसं मुकादमानं त्याला ट्रकमधून आणलं आणि पोत्यासारखं इथं उतरवून दिलं. जंगलातली ठेकेदाराची झोपडी हेच त्याचं घर. काम गेलं, घरही गेलं.

मी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवा होता, नागपूरकडचा. त्यानं छाती तपासली, म्हणाला, "क्षय आहे. बरा होईल, पण सुई कित्येक महिने घ्यावी लागेल. इथं ठेवायला खाट नाही. ओट्यावर, ओल्यात, उपाशी राहणार असेल तर सुई वाया जाते. आधी जागा करा, मग सुरू करतो."

बरं. गेलो पाटलाकडे. म्हटलं, गावठाणात एक कोपरा द्या.

पाटील पान लावत म्हणाला, "असा रोगी गावात कोण ठेवीन गा? आधी बरा होऊ दे त्याले, मंग पाहू जागेचं."

"आन् जागेबिगर बरा कसा होईन?"

"ते डॉक्टराले विचार. मले काऊन विचारतं?"

आता सांगा! एक म्हणतो आधी जागा, दुसरा म्हणतो आधी बरा हो. दोघंही शिकलेले, दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि मधल्या मध्ये तो माणूस ओट्यावर रक्त थुंकतो. बाजाराच्या दिवशी मिरचीवालीनं त्याला तिथूनही हुसकलं. ती तरी काय करणार, तिची जागा होती ती. पण मला इतका राग आला की त्या दिवशी मी बैलांवरही ओरडलो.

नाल्यापलीकडे गोंडांचा टोला होता, म्हणजे त्यांची छोटी वस्ती. तिथल्या लोकांची रीत मला माहीत होती. कुणाचं घर जळलं की दुसऱ्या दिवशी टोल्यातलं प्रत्येक घर एकेक बांबू आणि गवताची पेंढी घेऊन येतं, आणि दिवस मावळायच्या आत घर उभं करतं. मजुरी नाही, फक्त जेवण. पहिला खांब मात्र घरवाल्यानं स्वतः रोवायचा. टोल्याच्या म्हाताऱ्या मुखियाला मी जाऊन सगळं सांगितलं.

"घर जळलं काय त्याचं?" त्यानं विचारलं.

"घर होतंच कुठी, भाऊ, जळाले?"

म्हाताऱ्यानं चिलीम झटकली. मग म्हणाला, "मंग हे तं जळाल्यापेक्षाही वाईट हाय. जागा दाखव, उद्या येतो."

जागा मी दिली. माझ्या खळ्याचा कोपरा, दवाखान्यापासून हाकेवर. पाटलाच्या नाकावर टिच्चून दिली. दुसऱ्या दिवशी टोला आला. रोग्याला उभं राहवत नव्हतं, पण म्हातारा म्हणाला, रीत म्हणजे रीत. दोघांनी काखेत धरलं आणि त्यानं पहिला खांब खड्ड्यात सोडला. संध्याकाळी घर उभं. कुडाच्या भिंती मी स्वतः लिंपल्या. खिडकी नाही, फट नाही, आत शेकोटी. वाघाची बिशाद नाही, थंडीचीही नाही. आमच्या मुलखात चांगलं घर म्हणजे असंच घर.

डॉक्टरनं शब्द पाळला, सुई सुरू केली. पण खोकला वाढत चालला. एके दिवशी आंबील घेऊन गेलो तर तो दारातच बसलेला, डोळे लाल.

"आत जा ना, हवा लागन," मी म्हणालो.

"अन्ना," तो म्हणाला, "रोगानं नाई मरत मी. तुमच्या घरानं मरते."

तेवढ्यात डॉक्टर आला. आत डोकावला आणि भडकलाच. "अरे, घर बांधलंत की धुराची गुहा? याच्या छातीला मोकळी हवा पाहिजे. पाडा ती भिंत!"

"आन् वाघ आला तं तुम्ही येसान का धराले?"

"वाघ येईल तेव्हा येईल. धूर रोज येतो."

मी म्हटलं, नाही पाडत. भिंत मी लिंपली होती. आणि इतके दिवस हा डॉक्टर कुठे होता? सुई टोचायची आणि माणूस राहतो कुठे हे पाहायलाही यायचं नाही? आधी येऊन सांगितलं असतं तर तशीच बांधली असती. हे सगळं मी तोंडावर बोललो. तो निघून गेला.

टोल्याच्या म्हाताऱ्याला कळलं तसा तो हसत हसत आला. कुऱ्हाडीनं भिंतीचा वरचा अर्धा भाग पाडला, तिथं बांबूची जाळीदार ताटी बांधली, शेकोटी उचलून अंगणात नेली. मला म्हणाला, "भिंत तुही, पण घर त्याचं हाय ना गा?" मी डॉक्टरला जाऊन बजावलं, तुमच्या म्हणण्यावर भिंत पडली, आता रोज येऊन पाहायचं. तो आला. तोंड वाकडं करून का होईना, रोज आला. भात माझ्या घरून, भाजी टोल्यातून, सुई त्याची.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माणसानं अंग धरलं. गालावर मांस आलं. तेव्हा पाटील खळ्यावर आला आणि म्हणतो, "आता तं बरा झाला. काढून टाक हे झोपडं."

रोगी होता तेव्हा जागा नाही, बरा झाला तर गरज नाही! मी त्याला पाणीही विचारलं नाही.

त्याच वैशाखात टोल्यात एक घर जळलं. सकाळी मी गाडी जुंपत होतो. पाहतो तर तो खळ्यातून निघाला. एका खांद्यावर बांबू, काखेत गवताची पेंढी.

"कुठी चालला?" मी ओरडलो.

"घर जळला ना, अन्ना. एका घराचा एक बांबू."

मी सोबत गेलो. वाटेत तो दोनदा थांबला, पण मला हात लावू दिला नाही. टोल्याच्या म्हाताऱ्यानं तो बांबू घेतला आणि बाकीच्यांच्या बांबूंत ठेवून दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

तो माझ्या खळ्यातच राहिला, पण ती अर्धी भिंत त्यानं पुढं कधीच बुजवली नाही, पौषातल्या थंडीतसुद्धा. मी दरवर्षी म्हणायचो, लिंपून देतो. आजही म्हणतो, भिंत चांगली होती.