न सोललेल्या शेंगा

उंब्रजच्या स्टँडवर साताऱ्याच्या एसटीची वाट बघताना मी रोज दोन वडापाव खायचो. घरून पोहे खाऊन निघालेलो असायचो, तरीही. साखर वाढली आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं, तेव्हा वड्याच्या गाड्याशेजारी बसणाऱ्या बाईकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

तिच्या पाटीत ओल्या फडक्याखाली उकडलेल्या शेंगा असायच्या. ती कधी ओरडून गिऱ्हाईक बोलवायची नाही. ग्लासानं मापून द्यायची, वर एक मूठ टाकायची आणि फडकं पुन्हा चारी बाजूंनी खोचायची.

एकदा मी म्हणालो, "मावशी, सोलून ठेवत जा की. लोकांना घाई असते."

"न्हाई दादा," ती फडकं खोचत म्हणाली. "वड्याला नुसतं तोंड उघडलं की झालं. शेंग सोलस्तवर मानसाला कळतं, भूक हाय का न्हाई."

मला ते कामचुकारपणाचं कारण वाटलं. तरी शेंगा घेतल्या आणि बाकावर बसून सोलायला लागलो. चौथ्या शेंगेला हात आपोआप थांबला. उरलेल्या खिशात घातल्या आणि त्या संध्याकाळी तशाच घरी आल्या.

इतकी वर्षं त्या स्टँडवर मला भूक लागतच नव्हती. एसटी उशिरा येत होती.